मोटारींची रॅली पाहिली, त्या रविवारची हकिकत

रॅली म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? १४ एप्रिलची सकाळ, मोटारसायकलींना बांधलेले निळे झेंडे, पुढे ट्रकवर बाबासाहेबांची प्रतिमा आणि मागे घोषणा देत चाललेली आपली पोरे. निदान आमच्या वस्तीत तरी रॅलीचा दुसरा अर्थ कुणाला ठाऊक नव्हता. त्यामुळे मागच्या पावसाळ्यात आमचा भाचा घरी येऊन "मामा, मी रॅलीत भाग घेतोय" असे म्हणाला, तेव्हा आमच्या सौ.नी पहिला प्रश्न केला, "कुठल्या गटाची?"

तो हसला. ही मोटारींची रॅली होती आणि तो तिच्यात 'नॅव्हिगेटर' म्हणून बसणार होता. म्हणजे गाडी चालवणाऱ्याच्या शेजारी बसून कुठे वळायचे, किती वेगाने जायचे, हे सांगणारा माणूस. वाचकांना आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमचा भाचा जन्मापासून अंध आहे.

मोटारींच्या रॅलीचे दोन प्रकार असतात, हे आम्हालाही त्याच्याकडूनच कळले. एक वेगाची. रस्ता बंद करून कच्च्या वाटेवरून गाड्या सुसाट सोडतात. राजस्थानात सप्टेंबर २०१९ मध्ये अशाच राष्ट्रीय स्पर्धेच्या जोधपूर फेरीत बंद केलेल्या रस्त्यावर एक मोटारसायकल आली आणि एकाच कुटुंबातील तीन माणसे जागीच गेली. खेळ कुणाचा आणि जीव कुणाचा, असे त्या वेळी आमच्या मनात आले होते. त्यामुळे रॅली हा शब्द ऐकून आम्ही प्रथम कपाळाला आठ्या घातल्या, हे कबूल करतो.

दुसरा प्रकार मात्र अगदी वेगळा. त्यात वेगाला बक्षीस नाहीच. नेहमीच्या वाहत्या रस्त्यावरून, सिग्नल पाळत जायचे असते. कागदावर अंतर आणि सरासरी वेग दिलेला असतो, आणि दिलेल्या वेळीच त्या त्या ठिकाणी पोचायचे. उशीर झाला तर मिनिटाला एक गुण दंड आणि लवकर पोचलात तर मिनिटाला दोन गुण दंड! आम्ही बी.कॉम. माणूस, हा हिशेब आम्हाला फार आवडला. ताशी २४ किलोमीटर वेग म्हणजे एका किलोमीटरला अडीच मिनिटे, सहा किलोमीटरला पंधरा मिनिटे. वाटेत तपासणी चौक्या लपवून ठेवलेल्या असतात. त्या कुठे आहेत ते आधी कुणालाच सांगत नाहीत. डोळस लोकांच्या रॅलीत रस्त्याची माहिती बाणांच्या छोट्या चित्रांनी देतात. त्या चित्रांना हॉलंडमधल्या ट्युलिप रॅलीवरून 'ट्युलिप' म्हणतात. अंधांच्या रॅलीत चित्रे नसतात, सगळा मजकूर ब्रेलमध्ये असतो. गाडी चालवणारा डोळस असला तरी त्याला कागदातले अक्षर कळत नाही, आणि कागद वाचणाऱ्याला रस्ता दिसत नाही. दोघांनी मिळून पोचायचे. मुंबई, पुणे, चेन्नई अशा शहरांत अशा रॅली होत आल्या आहेत.

अक्काने, म्हणजे त्याच्या आईने, साफ नकार दिला. "पावसापाण्याचं परक्या माणसाच्या गाडीत कशाला?" असे तिचे म्हणणे. खरे कारण निराळे होते, आणि ते आम्हाला ठाऊक होते.

भाच्याची बँकेत लिपिक म्हणून निवड झाली होती. परीक्षेसाठी लेखनिक शोधण्यापासून आम्ही त्याच्यामागे धावलो होतो. (लेखनिक घेणाऱ्या उमेदवाराला तासाला वीस मिनिटे जादा मिळतात, हे आपल्या अनेक मुलांना माहीत नसते, म्हणून येथे लिहितो.) १९९५ च्या कायद्याने अपंगांना तीन टक्के जागा मिळाल्या आणि २०१६ च्या कायद्याने त्या चार टक्के झाल्या. हे आरक्षण आडवे असते. म्हणजे अनुसूचित जातीचा अपंग उमेदवार अपंगांच्या जागेवर निवडला गेला तरी अनुसूचित जातीच्याच रकान्यात मोजला जातो. वस्तीत याविषयी फार गैरसमज आहेत, "एकाच पोराला दोन दोन सवलती" असे आपलेच लोक बोलतात. असो. निवड झाली, पेढे वाटले, बुद्धवंदना झाली, आणि आठ दिवसांनी पत्र आले की नेमणूक सांगली जिल्ह्यातल्या एका शाखेत.

पत्र वाचून अक्का जी गप्प झाली ती दोन दिवस बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे आली आणि म्हणाली, "तू अर्ज लिहायला हुशार. मुंबईतच ठेवा म्हणून अर्ज लिही." अपंग कर्मचाऱ्याला शक्यतो घराजवळ नेमावे, अशी विनंती करता येते. आम्ही कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत अर्ज टंकून आणला. त्यावर फक्त त्याची सही राहिली होती. तो अर्ज प्लास्टिकच्या पिशवीत घालून आम्ही त्या रविवारी बरोबर घेतला होता. रॅली संपल्यावर सही घ्यायची, असे अक्काशी ठरले होते.

अक्काच्या भीतीला आम्ही हसत नाही. हा मुलगा सातव्या महिन्यात जन्मला, दीड किलोचा. काचेच्या पेटीत ठेवला, जगला. पण अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांच्या मागच्या पडद्यावर रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू शकतात आणि वेळीच पाहिले तर उपचाराने पुष्कळदा दृष्टी वाचते, हे रुग्णालयात तिला कुणी सांगितले नाही. चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे जन्मापासून तीस दिवसांच्या आत तज्ज्ञाकडून तपासून घ्यायचे असतात. आमच्या वाचक भगिनींनी हे वाक्य कापून कपाटाला चिकटवावे, ही विनंती.

वरून गावाकडच्या म्हाताऱ्यांनी "मागल्या जन्मीचं काही असेल" असे म्हणून तिला पोळून काढले. १९५६ साली आपण धर्म बदलला, पण हे मागल्या जन्माचे भूत काही घरांतून अजून गेलेले नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मागील जन्मीच्या कर्माची ही कल्पना बुद्धाची नव्हेच, असे स्पष्ट मांडले आहे. आम्ही तो भाग अक्काला दोनदा वाचून दाखवला. तिला पटले. पण पटणे वेगळे आणि रात्री झोप लागणे वेगळे.

तर तो रविवार. पहाटेपासून पावसाने झोडपले होते. माटुंग्याला पूर्वेकडच्या एका शाळेच्या मैदानावरून सुरुवात. आम्ही, सौ., अक्का आणि भाचा असे चौघे साडेसहालाच दादरला उतरलो, कारण अक्काची इच्छा होती की आधी राजगृहावरून जायचे. हिंदू कॉलनीतल्या त्या घरासमोर छत्र्या मिटून उभे राहिलो. भाचा म्हणाला, "मामा, शेवटी शेवटी बाबासाहेबांनाही नीट दिसत नव्हतं ना?" आम्ही होय म्हणालो. शेवटच्या वर्षांत त्यांची दृष्टी फार अधू झाली होती, तरी ग्रंथाचे काम चालूच होते. "मग त्यांना कोण वाचून दाखवत असेल?" असे तो स्वतःशीच पुटपुटला आणि पुढे चालू लागला.

मैदानावर चिखल झाला होता. बत्तीस गाड्या ओळीने उभ्या. कुठली गाडी कुणाला, हे चिठ्ठीने ठरले. आमच्या भाच्याच्या वाट्याला सतरा नंबर आला. गाडीच्या मालकीण एक डॉक्टरबाई, पन्नाशीच्या. त्यांनी त्याला पूर्ण नाव विचारले, तेव्हा आम्ही कान टवकारले. पूर्ण नाव कशासाठी विचारतात, ते आपल्याला अनुभवाने ठाऊक असते. त्याने आडनावासकट सांगितले. बाई म्हणाल्या, "छान. आता मला सांग, तू डावं-उजवं म्हणणार की लेफ्ट-राइट? माझा गोंधळ होतो." आमचा जीव भांड्यात पडला.

मोबाइल लिफाफ्यात घालून वर सही करून बंद केले. नकाशाची मदत कुणी घेऊ नये म्हणून. मग सुटण्याआधी दहा मिनिटे प्रत्येकाच्या हातात जाड कागदांचा गठ्ठा दिला. त्याने खिशातून पावडरची लहान डबी काढली आणि बोटांना लावली. ओल्या, घामेजल्या बोटाला ठिपके नीट लागत नाहीत, म्हणून तो हे नेहमी करतो. मग बोटे कागदावरून अशी सरकू लागली, की आमच्या सौ. पाहतच राहिल्या.

या ठिप्प्यांची हकिकत आम्हाला फार जवळची वाटते. लुई ब्रेल १८०९ साली फ्रान्समधल्या कूव्रे या गावी जन्मला. बाप घोड्यांची खोगिरे आणि चामड्याचे साज शिवणारा. तीन वर्षांचा असताना बापाच्या दुकानात खेळताना आरी डोळ्यात गेली, आणि पुढे दुसराही डोळा गेला. शार्ल बार्बिये नावाच्या माणसाने बारा ठिपक्यांची एक लिपी काढली होती. या पोराने वयाच्या पंधराव्या वर्षी, १८२४ च्या सुमारास, तिची सहा ठिपक्यांवर सुटसुटीत मांडणी केली. सहा ठिपक्यांच्या त्रेसष्ट जुळण्या होतात, आणि तेवढ्यात सगळी अक्षरे, आकडे, चिन्हे बसतात. टोचायचे हत्यारही आरीसारखेच टोकदार. ब्रेल १८५२ साली वारला आणि त्याच्याच शाळेने ती लिपी रीतसर स्वीकारली ती १८५४ साली, तो गेल्यावर! आपल्याकडे सर्व भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल १९५१ साली ठरली. चामड्याचे काम करणाऱ्याच्या मुलाने जगभरच्या अंधांच्या हाती अक्षर दिले, हे आम्ही वस्तीतल्या अभ्यासिकेत मुलांना आवर्जून सांगतो.

आठ वाजून सतरा मिनिटांनी झेंडा पडला आणि सतरा नंबरची गाडी फाटकातून बाहेर गेली. अक्काने हात हलवला. तेवीस वर्षे झाली, तरी ती त्याला हात हलवूनच निरोप देते.

आता प्रेक्षकांनी काय करायचे? गाड्या कुठून जाणार ते गुप्त. एवढेच माहीत होते की शेवट वाशीला. मग आम्ही अंदाज बांधला की वाशीला जायचे तर चेंबूर ओलांडलेच पाहिजे. वडाळा रोड स्टेशनपर्यंत भिजत चालत गेलो, हार्बरची गाडी पकडली आणि चेंबूरला उतरून मैत्री पार्कच्या स्टॉपवर जाऊन उभे राहिलो. पुण्या-साताऱ्याच्या गाड्यांची वाट पाहणारे लोक तिथे होतेच. त्यांनी विचारले, तुम्ही कुठे निघालात? आमच्या सौ. म्हणाल्या, "कुठं नाही, भाचा जाणार आहे इथनं." लोकांनी आमच्याकडे जरा विचित्रच पाहिले.

चहा घेतला, भजी घेतली. पाऊस आडवा येत होता, छत्री नावापुरती. नऊ एकतीसला पहिली गाडी दिसली, पुढच्या काचेवर मोठा क्रमांक एक. आम्ही लगेच हिशेब केला. आठ वाजून एक मिनिटाने सुटलेली नऊ एकतीसला इथे, म्हणजे दीड तास. म्हणजे आपली सतरा नंबरची नऊ सत्तेचाळीसला आली पाहिजे. अक्काला तसे ठासून सांगितले, आणि ही चूकच झाली.

दोन, तीन, पाच, चार अशा गाड्या येत गेल्या. सोळा आली, पण सत्तेचाळीस होऊन गेले आणि सतरा नाही. अठरा, एकोणीस. मग वीस-एकवीस बरोबरच. अक्का रस्त्याच्या कडेला पुढे पुढे सरकू लागली. सौ.नी तिचा हात धरला. चोवीस गेली. "माझं पोर कुठंय?" ती आमच्यावर ओरडली, जणू आम्हीच गाडी चालवत होतो. मोबाइल लिफाफ्यात, फोन तरी कुणाला करणार? वडाळ्याला पाणी भरले आहे असे स्टॉपवरचा एकजण म्हणाला, आणि ते ऐकून आमच्याही पोटात गोळा आला. सव्वीस नंबरची गाडी गेली. पिशवीतल्या अर्जाची आठवण झाली. तो लिहिला ते बरेच झाले, असे त्या क्षणी आम्हालाही वाटले, हे लपवत नाही.

नऊ अठ्ठावन्नला सतरा नंबर आली. काचा बंद, वायपर चालू, डॉक्टरबाई मान पुढे काढून चालवत होत्या आणि शेजारी आमचा भाचा मांडीवर कागद ठेवून काहीतरी सांगत होता. आम्ही तिघांनी हाका मारल्या. त्याला काय ऐकू जाणार! गाडी ताशी चोवीसच्या संथ वेगाने पुढे निघून गेली. अकरा मिनिटे उशीर झालेला, तरी घाई नाही. अक्का मटकन स्टॉपच्या बाकावर बसली.

रविवार असल्याने हार्बरचा मेगाब्लॉक लागायच्या आत वाशी गाठायची होती. ती गाठली. खाडीच्या पुलावरून गाडी जाताना खाली नुसते पांढरे दिसत होते, पाणी कुठे आणि आभाळ कुठे ते कळेना.

वाशीला सभागृहात दोघे भेटले तेव्हा डॉक्टरबाईच आमच्यापाशी धावत आल्या. झाले होते असे. वडाळ्याजवळ गुडघाभर पाणी, पोलिसांनी रस्ता अडवलेला. विचारायला बाईंनी भाच्याच्या बाजूची काच खाली केली आणि पावसाची सर सरळ कागदावर. ब्रेलचा कागद भिजला की ठिपके बसतात. मग ते कोरेच पान. तिसरे आणि चौथे पान असे कोरे झाले. बाई म्हणाल्या, "मी म्हटलं, संपलं आपलं. मला आतला रस्ता माहीत आहे, तिकडनं नेते. तर हा म्हणतो, मॅडम, रस्ता तुम्हाला माहीत असेल, पण अंतर माहीत नाही."

सुरुवातीच्या दहा मिनिटांत त्याने सगळी पाने वाचून पाठ केली होती! अंध मुलांना ही सवयच असते, तो म्हणाला, कारण पुस्तक पुन्हा हाताशी येईल याची खात्री नसते. पुढच्या सूचनेत डाव्या हाताला एक शाळा येते, हे त्याला आठवत होते. ती शाळा कुठे आहे, हे बाईंना ठाऊक होते. मग वळसा घालून शाळेपाशी पोचायचे, तिथे अंतराचा काटा शून्यावर आणायचा आणि तिथून मोजणी नव्याने. वळशात अकरा मिनिटे गेली. पण पुढच्या टप्प्यात, चौकीपासून वेळ नव्याने मोजतात म्हणून, चूक झाली ती अवघ्या दोन मिनिटांची. भिजलेली दोन पाने त्याने तोंडपाठ म्हटली.

बत्तीसमध्ये आठवा आला. बक्षीस तिघांनाच. बाकीच्यांना प्रमाणपत्र, आणि तेही शाईने छापलेले. ज्याला दिले त्यालाच वाचता येणार नाही, हे आयोजकांपैकी कुणाच्या ध्यानात आले नसावे. प्रमुख पाहुणे भाषणात तीन वेळा "या बिचाऱ्यांना" म्हणाले. तिसऱ्या वेळी मागच्या रांगेतून एक नॅव्हिगेटर मुलगी मोठ्याने म्हणाली, "साहेब, बिचारे आमचे ड्रायव्हर. आम्ही सांगू तिकडे जात होते." सभागृह हसले, पाहुणेही हसले. करुणा आपल्या धम्मात आहेच, पण दया दाखवून कुणाला खुर्चीवरून उठू न देणे म्हणजे करुणा नव्हे. हे आम्ही पाहुण्यांपेक्षा स्वतःलाच म्हणून घेतले, कारण पिशवी आमच्या काखेत होती.

जेवणाची पाकिटे मिळाली, पुरी-भाजी. जेवताना अक्का काही बोलली नाही. ब्लॉकमुळे परत बसने निघालो. मानखुर्दच्या पुढे गाडी अडकली, पुढे पाणी होते. खिडकीशी भाचा, शेजारी अक्का, मागच्या बाकावर आम्ही दोघे. बऱ्याच वेळाने अक्काने विचारले, "त्या गावात एस.टी. स्टँडपासून तुझी बँक किती लांब आहे?"

"माहीत नाही," तो म्हणाला, "जाऊन मोजावं लागेल."

अर्ज आम्ही त्या दिवशी बाहेर काढला नाही. पुढेही काढला नाही. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी तो रुजू झाला. अक्का बरोबर गेली होती, महिनाभर राहायचे म्हणून पिठाचा डबा, मच्छरदाणी सगळे घेऊन. नवव्या दिवशी परत आली. स्टँडपासून बँक सहाशे चाळीस पावले आणि वाटेत एक उघडे गटार आहे, असे तिने सांगितले. गटारावर झाकण टाकावे म्हणून तिथल्या नगरपालिकेला अर्ज लिहून दे, असे म्हणून तिने आमच्यापुढे कागद ठेवला.